नथ दबेल म्हणून

सुनेच्या वयाची असताना मी ह्यांच्या मोटारसायकलवर मागे, एका बाजूला पाय सोडून, पदर उडवत महाराज बाड्याच्या चौकात फेरी मारायचे. पदर चाकात गेला तर, एवढीही अक्कल त्या बयेला नव्हती. लोक बघतायत ना, एवढंच ती बघायची. बघणारं कोण, तर पानवाला आणि त्याची शेळी. ती बया माझ्यातून कधीच गेली असं वाटत होतं. यंदाच्या संक्रांतीत कळलं, गेलेली नाही.

सूनबाई हळदीकुंकवाला निघाली होती. मुलगा बाहेर गाडी सुरू करून हाका मारत होता, "चलो भई, उशीर होतोय!" आतल्या खोलीत मी तिला माझी नथ घालून दिली. तिनं नेहमीचं, तोंड झाकणारं हेल्मेट उचललं.

"अगं, नथ दबेल. कुंकू फिसकटेल. आपल्या छावनीतून बाड्यापर्यंत तर जायचंय!"

"आई, हे ओरडतील."

"ओरडू दे. सांग, डोकं दुखतंय."

तिनं हेल्मेट ठेवलं आणि तेच सांगितलं. वाटेत एक रिक्षा अचानक आडवी आली, गाडी घसरली आणि दोघंही तोंडावर आपटली.

दवाखान्यात पोचले तर मुलगा लंगडत समोर आला. गुडघा सोललेला, चेहरा जसाच्या तसा. त्याचं हेल्मेट मी मांडीवर घेऊन बसले. हनुवटीपाशी ते किसणीवर घासल्यासारखं खरवडलं होतं. सुनेचा जबडा नेमका तिथंच मोडला होता, दोन जागी. ओठापासून गालापर्यंत टाके. नथीनं नाकपुडी चिरली ती वेगळीच.

डॉक्टर म्हणाले, "अम्माजी, हेलमेट होता तो शायद इतना नहीं टूटता."

"मी विचारलं होतं!" मुलगा म्हणाला. "डोकं दुखतंय म्हणे. सुनती कहाँ है किसी की!"

तिच्या दातांना तारा बांधून तोंड बंद केलं होतं. माझी कवळी मोकळी होती, तरी मीही गप्प.

घरी आणल्यावर मी तिला पेज, डाळीचं पाणी नळीनं पाजत राहिले. ती मोबाईलवर लिहून दाखवायची: 'मीठ कमी', 'पुरे'. हेल्मेटच्या गोष्टीचं अक्षर नाही. आरसाही तिनं मागितला नाही.

नवव्या दिवशी जेवताना मुलगा पुन्हा सुरू झाला, "एवढंसं डोकं दुखलं म्हणून…" तिचे डोळे भरले. तोंड बांधलेल्या माणसाला धड रडताही येत नाही. नाक चोंदलं की श्वास कोंडतो. ती घाबरून माझा हात धरू लागली.

"गप रे!" मी ओरडले. "हेल्मेट मी ठेवायला लावलं. डोकेदुखीची थापही माझीच!"

हातातला घास त्यानं ताटात टाकला. मग ताट सारून उठला. मी तिचं नाक पुसलं, पाठ चोळत बसले. श्वास नीट झाल्यावर तिनं मोबाईल ओढला, सावकाश लिहिलं आणि माझ्यासमोर धरला: 'आठ दिवस लागले, आई?'

"लागले," मी म्हटलं.

तिनं पेजेची वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि नळी लावून स्वतःच पिऊ लागली.