कमल कोळी, पुरुष, वय अठ्ठावन्न

माहुलच्या कमळबाई आपलं नाव ‘कमल’ असं सांगतात. कोळीवाड्यात ‘ळ’ला कुणी जिभेवर घेतच नाही, तिथे काळं ते कालं आणि कोळी ते कोली. सासूमागून मिळालेल्या मासळीबाजारातल्या ओट्यावर त्या एकतीस वर्षं बसत होत्या. गिऱ्हाइकाच्या चपला बघून पापलेटाचा भाव सांगायच्या. आपलं नाव कसं लिहितात, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

मग बाजार आधुनिक झाला. म्हणजे गटार तुंबलेलंच राहिलं, नळही कोरडाच राहिला. पण ओट्यांचे परवाने ऑनलाइन निघू लागले. ओटे कोळणींसाठी राखीव होते. महिनाअखेरीपर्यंत जिचा परवाना निघणार नाही, तिचा ओटा सोडतीत जाईल, असा फलक लागला.

कमळबाई सुविधा केंद्रात गेल्या. तिथल्या श्रुतिकानं विचारलं, “मावशी, नाव?”

“कमल.”

श्रुतिकानं ते इंग्रजीत टाइप केलं. नागरिकांचा वेळ वाचावा म्हणून कॉम्प्युटर नावावरूनच पुढचं ओळखत असे. त्यानं लगेच ओळखलं: पुरुष. खाली लाल अक्षरं उमटली: अर्जदार अपात्र.

“अगं, बदल ना तं!”

“बदलत नाही मावशी. तो रकाना लॉक आहे.”

“मंग मी कोन हाय?”

“सिस्टीममध्ये? पुरुष.”

श्रुतिकानं तक्रार नोंदवून दिली. चौथ्या दिवशी मोबाइलवर उत्तर आलं: ‘प्रिय कमल सर, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कृपया पाच तारे द्या.’

तेव्हा बाई थेट कचेरीत गेल्या. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी बाईंचं लुगडं पाहिलं, अंबाड्यातली अबोली पाहिली, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“मला दिसतंय हो मावशी. पण मला दिसून काय उपयोग?”

“तीन पोरी झाल्या मना, साहेब. त्या काय ऑनलाइन झाल्या?”

“तसा पुरावा जोडता येईल,” साहेब मनापासून म्हणाले, “पण ती सोय पुढच्या टप्प्यात आहे.”

महिना संपायला दोन दिवस उरले. कमळबाई पुन्हा केंद्रात येऊन बसल्या. श्रुतिकालाच राहवेना.

“मावशी, घरात दुसरं कोण आहे? ओटा घरातल्या दुसऱ्या बाईच्या नावावरही चालतो.”

“पोरी लगीन होऊन भांडुपला गेल्या. नवरा हाय, चंदर. पन तो बाप्या ना! होडी हाय त्याची.”

“बघू तर खरं,” म्हणत श्रुतिकानं चंदर टाइप केलं. कॉम्प्युटरला त्यात स्पेलिंगची चूक दिसली. त्यानं स्वतःहून ती सुधारून ‘चंद्रा’ केलं आणि पुढे लिहिलं: स्त्री. मिशांसकट फोटो चढला. दोन मिनिटांत परवाना आला. कमळबाईंचं नाव त्यावर कुठेच नव्हतं.

परवान्याला एक अट होती. धारकानं रोज सकाळी सात वाजता ओट्यावर हजर राहून चेहरा दाखवायचा. पहिल्या दिवशी तपासनीस टॅबलेट घेऊन आला.

“चंद्रा कोण?”

कमरेला रुमाल बांधलेल्या चंदरनं हात वर केला. टॅबलेटनं मिशा मिशांशी ताडून पाहिल्या. हिरवी खूण आली.

“जुळतंय,” म्हणून तपासनीस पुढच्या ओट्याकडे वळला. कमळबाईंनी नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं आणि कोयता ओढून घेतला. ओटा राहिला होता.

पण भरती काही सात वाजायची वाट बघत नाही. चंदर बाजारातून परतेपर्यंत खाडीतलं पाणी उतरलेलं असे आणि होडी चिखलात बसलेली. आठवड्यातले चार दिवस ती तशीच राहू लागली. आता कमळबाई दुसऱ्यांच्या होड्यांवरची मासळी विकत घेतात आणि चंदर शेजारी बसून माश्या हाकतो.

परवा पलीकडच्या ओट्यावरच्या जयंतीनं विचारलंच, “काय गं कमल, चंदर दर्यावर नाय जात आता?”

सुरमईवर कोयता घालत कमळबाई म्हणाल्या, “कशी जाईल? बाईमानूस कधी दर्यावर जातं काय?”