प्रमाणपत्रं आभारानंतर मिळतील

कॉलेजात त्यांना सगळे आभारबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण जिन्यात, स्टाफरूममध्ये, झेरॉक्सच्या रांगेत म्हणत, आणि बाईंच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणत. भाषा विभागाचं एकही चर्चासत्र किंवा कार्यशाळा अशी झाली नव्हती, जिच्या कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात खाली, जेवणाच्या जस्ट वर, बाईंचं नाव नव्हतं.

आभार मानणं म्हणजे काय दुखणं आहे, हे ज्यानं मानलेत त्यालाच कळेल. उद्घाटन असतं तेव्हा फोटो निघतात. बीजभाषणाला टाळ्या मिळतात. अध्यक्ष समारोप करून खाली बसले की सबंध सभागृहाला एकदम भूक लागते. खुर्च्या करकरतात, पिशव्या उचलल्या जातात, आणि आभार मानणारा माणूस पाठमोऱ्या लोकांना सांगत राहतो की आपण वेळात वेळ काढून आलात. बाईंनी जन्मभर रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानले होते. पण मानायच्या मनापासून. माईकवाल्यापासून सतरंज्या घालणाऱ्यापर्यंत एक नाव कधी सुटलं नाही, आणि कधी कुणाचं नाक मुरडलं जाईल असा एक शब्द गेला नाही.

म्हणूनच तर त्यांना ते काम देत. भिडस्त, गोड बोलणारी, वादात न पडणारी बाई. आता हीच बाई पोरांना भांडायला शिकवायची, ही गंमत कुणाच्या लक्षातच यायची नाही.

ती गोष्ट अशी. बाई बाहेरगावाहून, परक्या भाषेतून आलेल्या विद्यार्थ्यांना इथली भाषा शिकवत. सुरुवातीला त्याही सगळ्यांसारख्याच शिकवायच्या: माझा आवडता ऋतू, ग्रंथालयाचे महत्त्व. एकदा एक पोरगा आठवडाभर वर्गात पारोसाच यायला लागला. खोदून विचारल्यावर कळलं की घरमालकानं पाणी तोडलंय, आणि ह्याला त्याच्याशी बोलताच येत नाही. ऋतूवर दोन पानं लिहायचा हो तो, एक चूक नाही. पण ‘माझं पाणी सोडा’ एवढं म्हणताना त्याची बोबडी वळायची. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. ज्या भाषेत माणसाला भांडता येत नाही ती त्याला आलेलीच नाही, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग सुरू झाला भांडणाचा तास. बाईंनी पोस्टकार्डाएवढी कार्डं केली. एकेका कार्डावर एकेक भांडण: रांगेत मध्ये घुसलेला, धुलाईवाल्यानं शर्ट जाळलेला, मित्रानं पुस्तक परत न केलेलं. कार्डाच्या मागे दोन पायऱ्या लिहिलेल्या. आपलं काय गेलं ते नाव घेऊन सांगायचं, आणि आपल्याला काय हवं ते एका वाक्यात मागायचं. तिसरी पायरी बाई कार्डावर लिहीत नसत, ती वर्गात बसूनच शिकावी लागे. मागून झालं की गप्प बसायचं. समोरच्याकडे बघत राहायचं, हसायचं नाही, माघार घ्यायची नाही, कितीही जड गेलं तरी आपण आधी बोलायचं नाही. पोरांना हीच पायरी सगळ्यात अवघड जाई. पण जमली की पाणी सुटे, शर्टाची भरपाई होई, आणि पोरं पुढच्या तासाला छाती काढून येत.

एवढी भांडणं बाईंना सुचायची कुठून, तर घरातून. सासूबाई होत्या तोवर बाईंनी त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नाही. नवरा शांत माणूस, नकाशांच्या कचेरीत नोकरीला, आणि त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं: जाऊ दे. आई बोलली? जाऊ दे. शेजाऱ्यानं कचरा टाकला? जाऊ दे. सासूबाई गेल्या तेव्हा बाईंच्या पोटात उत्तरांचा डोंगर साठलेला होता. तोच त्यांनी कार्डांवर उतरवला. एक कार्ड तर असं होतं: ‘आमटीत मीठ जास्त पडलंय. ते तुम्ही घातलेलं नाही. सांगा.’ हे कार्ड बाईंनी वर्गात कधी नेलंच नाही, ते फार आतलं होतं. बाकीच्या कार्डांबरोबर घरच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते पडून होतं.

आता प्रमुख. विभागप्रमुख बाईंच्या मागाहून लागलेले. पहिल्या दिवशी खडूचा डबा कुठे असतो तेसुद्धा त्यांना बाईंनीच दाखवलं होतं. पण माणूस पुढे सरकणारा. जिथे चार जण बोलत असतील तिथे पाचवा होऊन जायचा आणि निघताना मुख्य वक्ता झालेला असायचा. विभागात भाषा-अध्यापनाची मोठी परिषद ठरली, छापील पुस्तिका आली, आणि बाईंनी ती उभ्याउभ्याच उघडली. बीजभाषण: ‘संघर्षाधारित भाषा-अध्यापन: एक नवे प्रतिमान’. भाषण करणार प्रमुख. खाली गोषवारा. घरमालकाच्या पाण्याला त्यांनी ‘निवासविषयक संघर्षप्रसंग’ म्हटलं होतं. जळलेला शर्ट ‘सेवाविषयक’ झाला होता. आणि त्याच्याही खाली ‘पाकगृहीय आरोपाचे खंडन’.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीठ. माझं मीठ ह्याच्या ताटात गेलं कसं? ते कार्ड तर घराबाहेर पडलेलंच नाही. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांना आठवलं की एकदा सबंध डबाच स्टाफरूमच्या टेबलावर राहिला होता. तेव्हाच हात मारला असणार मेल्यानं.

त्या तडक प्रमुखांच्या खोलीत गेल्या. प्रमुख हसले. कल्पना काय, हवेतच असतात, बाईंनी नुसता वर्ग घेतला, त्याला सिद्धांताचं रूप आपण दिलं, असं त्यांनी समजावलं. वर असंही सांगितलं की पुढच्या सत्रापासून तो तास ते स्वतःच घेणार आहेत. संस्थापक म्हणून ते बरं दिसेल. बाईंनी व्याकरणाचा घ्यावा. आणि परिषदेत आभार मात्र बाईंनीच मानायचे, तुमच्यासारखे कुणाला जमत नाहीत हो.

बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि बाहेर आल्या. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा आवाज फुटत होता. पुस्तिकेचं, नावाचं एक वेळ सोडा, पण माझा तास? पोरं माझ्यासमोर भांडतात, ते मी बघायचं नाही? नवरा ताटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, जाऊ दे गं, आता कितीशी नोकरी राहिलीय.

त्या रात्रीपासून बाईंनी डूख धरला. आणि भिडस्त माणसाचा डूख वाईट असतो, कारण तो कुणाला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्या प्रमुखांकडे गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की परिषदेची प्रमाणपत्रं सांभाळायचं काम कुणी घेत नाहीये, ते मी घेते. प्रमुख खूष झाले. आता हे प्रमाणपत्र काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. परिषदेला लोक ज्ञानासाठी येतात असं कुणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं. लोक येतात हजेरीच्या कागदासाठी. तो असला की बढतीचं घोडं पुढे सरकतं. एरवी तो कागद आभाराआधीच वाटला जाई, म्हणून तर आभाराला कुणी थांबत नसे. परिषदेच्या सकाळी सभागृहाच्या दोन्ही दारांवर बाईंच्या सुवाच्य अक्षरात कागद चिकटले: प्रमाणपत्रं आभारानंतर मिळतील. आणि प्रमाणपत्रांचं खोकं बाईंच्या पायाशी, व्यासपीठावर.

भाषण रंगलं. प्रमुखांनी पडद्यावर दोन बाण काढले आणि सांगितलं की संघर्षाधारित प्रतिमानाला दोन टप्पे असतात, निर्देश आणि मागणी. बाईंनी मागच्या खुर्चीवर कान टवकारले. दोनच? त्या शेवटपर्यंत वाट बघत बसल्या. तिसरी पायरी आलीच नाही. येणार कुठून, वर्गात हा माणूस कधी बसला होता? बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

अध्यक्षा वयस्कर विदुषी होत्या, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या. त्यांचा समारोप झाला, पोटात कावळे ओरडायला लागले, पण एक माणूस उठला नाही. बाई माईकपाशी आल्या. भरलेल्या सभागृहासमोर उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. नेहमीप्रमाणे त्यांनी अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, माईकवाल्याचे आभार मानले. मग प्रमुखांकडे वळल्या.

“सरांचे विशेष आभार. त्यांनी आज जे दोन टप्पे सांगितले, ते इथल्या इथे वापरून दाखवते. पहिला टप्पा: माझं काय गेलं. भांडणाचा तास गेला. तो मी सुरू केला, त्याची कार्डं माझ्या हातची आहेत, मिठाचंसुद्धा. दुसरा टप्पा: मला काय हवं. माझा तास मला परत हवाय.”

आणि बाई गप्प बसल्या.

बाई प्रमुखांकडे बघत होत्या. खाली लोक बाईंच्या पायाशी ठेवलेल्या खोक्याकडे बघत होते. प्रमुख हसले, बाई आज विनोदाच्या मूडमध्ये आहेत म्हणाले. बाई हसल्या नाहीत. प्रमुख म्हणाले, जेवण निवतंय. बाई बघत राहिल्या. आणि तुम्हाला सांगते, आयुष्यभर माईकपुढे जगलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. त्याला वाटतं आपणच ती भरली पाहिजे. प्रमुख उठून उभे राहिले. अशी कामं विभागाची मिळून असतात, म्हणाले. मग म्हणाले, बाईंचं योगदान मी कधी नाकारलंय? ह्यावर पुस्तक काढतोय, त्याच्या ऋणनिर्देशात नाव टाकणारच होतो. खाली कुणीतरी खाकरलं. मग म्हणाले की कार्डं काही मी चोरलेली नाहीत, मला ती रीतसर हातात मिळाली होती. कुणाच्या हातून, हे बाईंना विचारावंसं वाटलं, पण नियम म्हणजे नियम. खोटारडा, एवढंच त्या मनात म्हणाल्या.

“बरं, कार्डं बाईंची होती. झालं?” प्रमुख म्हणाले. “आता काय लेखी हवंय का?”

“हो,” बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन प्रमुखांपुढे सरकवलं. पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर प्रमुखांनी लिहिलं की भांडणाचा तास बाईंचा आहे आणि तो त्याच घेतील. खाली सही केली, आणि शेजारी अध्यक्षांनीही केली. बाईंनी ते माईकवर वाचून दाखवलं, सगळ्यांचे पुन्हा एकदा आभार मानले, आणि खोकं उघडलं.

काय सांगू, त्या दिवशी बाईंना जेवण गोड लागलं. उट्टं निघालं की अन्नाला चव येते. प्रमुख कोपऱ्यात ताट घेऊन उभे होते आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. बाईंनी मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दया नाही आली, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा अजून उजेड होता. दिवसभर बोलून घसा बसलेला, पाय दुखत होते. त्या जेवणाच्या टेबलापाशी बसल्या, पर्स ठेवली आणि चष्मा पुसत राहिल्या. कधी एकदा ह्याला सांगते असं झालं होतं, पण आधी चहाचा घोट घ्यावा म्हणून थांबल्या. नवऱ्यानं चहा ठेवला. कसं झालं, विचारलं. बाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. घसाच नव्हता.

नवऱ्यानं साखरेचा डबा उघडला, परत लावला. फडकं घडी केलं. दमलीस का, म्हणाला. मग ओट्याकडे तोंड करून उभा राहिला.

“सांगितलं वाटतं त्यांनी तुला,” तो म्हणाला.

बाई चष्मा पुसायच्या थांबल्या.

“अगं, तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा आले होते ते. म्हणाले, विभागाला हवीत, बाईंना विचारलंय. मला काय माहीत? दिला डबा. दोन दिवसांनी आणून दिला त्यांनी. पुस्तिका आली तेव्हा कळलं मला. पण म्हटलं आता सांगून काय, तुला नुसता त्रास. म्हटलं जाऊ दे.”

चहावर साय धरत होती. बाईंच्या पर्समध्ये तो सहीचा कागद होता, दारातच त्याच्या हातात द्यायचा म्हणून वरच ठेवलेला. पुस्तिका आली त्या रात्री हा माणूस ताटाकडे बघत का बसला होता, ते आता त्यांना कळलं. त्यांनी पर्स बंद केली, कप बाजूला सरकवला, आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या बरोबर समोर घेतली.

“माझी कार्डं,” त्या म्हणाल्या. बसलेल्या घशातूनही शब्द स्वच्छ आले. “माझ्या कपाटातून, मला न विचारता. आणि मी रडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तुम्ही का बोलला नाहीत, ते मला हवंय.”

आणि त्या गप्प बसल्या.