यू पाइकेमचा चहा आणि दोन किलो साखर

चहाचे दोन ग्लास बदलले गेले, ही चूक यू पाइकेमची नव्हती. ती ही गोष्ट सांगणाऱ्याची. पोनच्या, म्हणजे आमच्या जुन्या पाच वारांतल्या एका वाराच्या, बाजाराचा दिवस होता. हा गुरांचा बाजार दर पाचव्या दिवशी भरतो आणि त्या दिवशी तिच्या टपरीतल्या बाकावर माणसं अशी खेटून बसतात की चहा हातोहात पुढे जातो. सांगणारा बाकाच्या तोंडाशी होता. "डावा कांग दार्सोला, उजवा बापाकांना," असं तिने दोनदा बजावलं होतं; आमच्याकडे यू म्हणजे ताई, कांग म्हणजे दादा आणि बापाक म्हणजे साहेब. पण सांगणाऱ्याचं सगळं लक्ष ताटलीतला आंबवलेल्या सोयाबीनच्या टेम्पेचा शेवटचा तळलेला तुकडा कोण उचलतो, याकडे लागलं होतं. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. तुकडाही मिळाला नाही.

बापाक हार्योनो म्हणजे बाजाराचे प्रमुख. त्यांनी पहिला घोट घेतला, थांबले, ग्लास उजेडात धरून तळ पाहिला. तळाशी विरघळायची राहिलेली साखर दिसायला हवी, असा रिवाज. तळ काचेसारखा स्वच्छ होता.

"यू," ते अगदी हळू म्हणाले. आमच्याकडे माणूस हळू बोलायला लागला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "माझं काही चुकलं का?"

"का हो, बापाक?"

"नाही, नाही. चहा छान आहे. औषधी आहे."

एवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला गुरांचा दलाल कांग दार्सो याने तोंड वाकडं केलं. "यू, आज काय पाक उकळलास? घशाला चिकटतोय नुसता."

बाकावरचे सगळे खो खो हसले. यू पाइकेम हसली नाही. दार्सोच्या तोंडून हे वाक्य ऐकायला ती पन्नास दिवस जिवाचा कान करून बसली होती. आलं ते असं, भर बाजारात, दुसऱ्याच्या ग्लासमुळे, आणि बापाकांच्या अपमानासकट.

आमच्याकडचा चहा तीन गोष्टींनी होतो. तो कढत हवा, गोड हवा आणि दाट हवा. कढत गिऱ्हाइकाच्या घशासाठी, दाट चहावाल्याच्या अब्रूसाठी आणि गोड पाहुण्याच्या मानासाठी. पाहुण्याला चार चमचे. नव्या जावयाला पाच. विमा विकायला आलेल्याला तीन, म्हणजे तो काय ते समजतो. त्याहून कमी घातले तर एकतर घरात काही उरलेलं नाही किंवा पाहुण्याने उठावं असं घरच्यांना वाटतंय.

यू पाइकेम बासष्ट वर्षांची. चिंचेखालची तिची टपरी एकतीस वर्षांची. चहाची तीन वेगवेगळी पुडकी ती घरी दार लावून एकत्र करायची आणि कशात काय किती, हे तिने सख्ख्या सुनेलाही सांगितलं नव्हतं. साखरेच्या बाबतीत मात्र तिचं काही गुपित नव्हतं. चार म्हणजे चार, आणि तेही शिगोशीग.

तिचा नवरा कांग मार्नो सुतार होता. रोज सहा ग्लास प्यायचा. आधी त्याच्या पायाची दोन बोटं गेली, मग डोळे, मग तो. गावात या दुखण्याला गोड रोग म्हणतात, आणि नावात गोड असल्यामुळे असेल, कुणी त्याला फारसं घाबरत नाही. मार्नो गेल्यावर सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला सगळी गल्ली आली. यू पाइकेमने सगळ्यांना चहा दिला. चार चमच्यांचा. निदान तेवढं तरी नीट व्हायला हवं होतं.

दार्सो मार्नोचा दोस्त. बाजाराच्या मागेच राहायचा. सकाळ-संध्याकाळ टपरीवर यायचा आणि पोनच्या दिवशी तर तिथेच बूड टेकून असायचा. बैल पन्नास पावलांवर असला तरी कुठल्या पायात अधू आहे, ते दार्सो सांगायचा. पावसाळ्याच्या आधी एका गाईने त्याच्या उजव्या पायावर खूर ठेवला. अंगठ्याशी चिंचोक्याएवढी जखम झाली, आणि ती तेवढीच राहिली. भरेना.

महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांची तपासणी असते. नर्स बू नुरिंग वजन करते, बोटाला सुई टोचते, आकडा वाचते आणि झापते. दार्सोचा आकडा तीनशे बारा निघाला.

"कांग, तीन महिन्यांत जखम भरली नाही तर अंगठा जाईल. तिथे थांबलं नाही तर पाऊल."

"बाई, बैल विकायला बैलाचे चार पाय लागतात. दलालाचे किती लागतात?"

"गोळ्या घेता का?"

"न चुकता. चहाबरोबर."

तिथून निघताना दाराशी टेबल असतं. सुई टोचून घेतल्याचं बक्षीस म्हणून तिथे प्रत्येकाला खाऊचा डबा मिळतो. त्यात चिकट तांदळाची गोड वडी, नारळ-गुळाची पोळी आणि तळलेलं केळं असतं, आणि सोबत चहा. चहाचं काम अर्थात यू पाइकेमकडे. तीनशे बारा हा आकडा तिने कानाने ऐकला आणि हाताने चार चमचे घातले. हात सवयीचा गुलाम होता. दार्सोने ग्लास घेतला, तळ पाहिला आणि समाधानाने मान डोलावली.

त्या दिवसापासून यू पाइकेम चोर झाली.

दर पोनला ती दार्सोच्या ग्लासातून आणखी पाव चमचा काढायची. दार्सोला कळू नये म्हणून त्याचा चहा वेगळ्या किटलीत मुरवायची आणि मोगऱ्याचं पुडकं जरा सढळ हाताने घालायची, म्हणजे नाक खूश राहतं आणि जीभ गप्प बसते. ग्लास त्याच्या हातात पोचला की बैलांचा भाव विचारायची, म्हणजे तळ बघायचं राहून जातं. पावणेचारवर त्याला काही कळलं नाही. तीनवर तो म्हणाला, "यू, पत्ती बदललीस का? झकास झालाय." अडीचवर त्याने दुसऱ्या दलालांना खास बोलावून आणलं. दीडवर आली तेव्हा दहा बाजार झाले होते, आणि ग्लास बदलले.

बापाक हार्योनो कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बायकोला विचारलं की पाइकेमचं बरं चाललंय ना. त्यांच्या बायकोने शेजारणीला विचारलं. दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं की यू पाइकेमच्या घरात साखर उरलेली नाही. कुणी म्हणालं, मुलाने मोटारसायकल घेतलीय. कुणी म्हणालं, सून पैसे माहेरी पाठवते. सरळ जाऊन विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे तसं विचारणं म्हणजे निव्वळ रानटीपणा.

त्यापेक्षा लोकांनी केलं ते सभ्यपणाला धरून केलं. बायका तिच्या घरी एकेक करून यायला लागल्या. प्रत्येकीच्या खांद्याला ओढणीत बांधलेली साखर. लग्नकार्यात आणि अडीअडचणीला बायकांनी साखर न्यायची, हा जुना रिवाज.

"सहज इकडून चालले होते, यू."

"अगं पण कशाला? माझ्याकडे आहे."

"असणारच गं. तुझ्याकडे नसेल असं कोण म्हणालं?"

आणि साखर ठेवून निघून जायच्या. घ्यायची नाही असं म्हणता येत नाही, आणि घेतली की देणाऱ्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा तितक्याच मापाने परत करावी लागते. वहीत कुणी लिहीत नाही. लिहायची गरजच पडत नाही, बायकांना मरेपर्यंत आठवतं. तीन दिवसांत यू पाइकेमच्या खाटेखाली एकवीस किलो साखर जमली. एका माणसाची साखर कमी करायला निघालेल्या बाईच्या घरात मुंग्यांचे कार्यक्रम सुरू झाले.

चौथ्या दिवशी दुपारी दार्सो आला. स्वतः. खांद्यावर बायकोची ओढणी आणि तिच्यात दोन किलो. बाजाराच्या मागून तिच्या घरापर्यंत तो लंगडत चालत आला होता, आणि पायाचं फडकं ओलं झालं होतं.

"बायकोला पाठवणार होतो," तो दारातच म्हणाला. "पण म्हटलं, मार्नो असता तर त्याला काय वाटलं असतं. नड होती तर बोलायचं होतंस की, यू. मी काय परका आहे?"

यू पाइकेम त्या फडक्याकडे बघत राहिली. मग तिने खाटेवरची चादर उचलून खालचा ढीग दाखवला.

"माझी साखर संपलेली नाही, कांग. तुझी संपवत होते."

"म्हणजे?"

"चारची दीडवर आणली. पन्नास दिवस झाले."

दार्सो खाली बसला. त्याने बोटांवर दहा बाजार मोजले.

"आणि मी तुला म्हणालो, पत्ती बदललीस का."

"म्हणालास."

"झकास झालाय म्हणालो."

"चार लोकांना बोलावून आणलंस."

"मोगरा घातलास ना?"

"घातला."

दार्सोचा चेहरा लाल झाला होता. पण आवाजात रागाबरोबर दुसरंही काही होतं. एखादा कसबी माणूस दुसऱ्याचं काम उलटसुलट करून पाहतो, तसं. "चाळीस वर्षं मी म्हाताऱ्या गाई तरण्या म्हणून विकल्या. गिऱ्हाइकाला बोलण्यात असं गुंतवतो की दात बघायचं त्याच्या ध्यानात राहत नाही. मला आजवर कुणी फसवलं नव्हतं. आणि फसवलं ते कुणी, तर चहावालीने! निदान विचारायचंस तरी. मी काय तुला गाय वाटलो?"

"गाय असतास तर तूच तुझा पाय आधी बघितला असतास."

दार्सोने फडक्याचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"मार्नोचे चमचे मी मोजून घातले," ती खालच्या आवाजात म्हणाली. "रोजचे चोवीस. एकही कधी चुकला नाही."

बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. दार्सोने पाय जरा आत ओढून घेतला. मग एकदम पुढे वाकून त्याने तिचा उजवा हात पकडला. गुरांच्या बाजारात सौदा असाच होतो. हात हातात घ्यायचा, भाव बोलायचा, हिसका द्यायचा, आणि भाव जमेपर्यंत सोडायचा नाही.

"तीन," दार्सो म्हणाला आणि हिसका दिला.

"काही नाही." तिनेही दिला.

"अडीच. तुझ्या तोंडाकडे बघून."

"अर्धा. तुझ्या पायाकडे बघून."

"अगं, अर्ध्याने पाण्याला कळत पण नाही! दोन. आणि पोनला तीन."

"पोनला वेगळं काही नाही. पाऊण."

"यू, दात बघ माझे. खोटं बोलतोय का? दोनच्या खाली मी माणसात राहणार नाही."

"परवा चार चमच्यांचा तुझ्या घशाला चिकटला, कांग. सगळ्या बाकाने ऐकलंय."

आपणच आपल्या मालाचं वैगुण्य भर बाजारात बोलून बसलो, हे दार्सोच्या ध्यानात आलं. हातातला जोर कमी झाला.

"एक," तो म्हणाला.

"एक. इथेही आणि दुसऱ्या बाजारातही."

"तिथे तुला काय कळणार?"

"मला नाही कळणार. तुला कळेल."

त्याने तिच्या तळहातावर टाळी दिली. एकदा टाळी दिली की सौदा पक्का. ती मोडणाऱ्याला आमच्या बाजारात कुणी दावं बांधायला खुंटा देत नाही. दार्सोने आयुष्यात बऱ्याच गोष्टी मोडल्या असतील, टाळी मोडली नव्हती. ओढणी मात्र दोन किलोसकट तो तिथेच ठेवून गेला. दिलेली साखर परत नेणं म्हणजे वेगळंच भांडण.

बापाक हार्योनोंची समजूत काढायला यू पाइकेमला महिनाभर त्यांना पाच चमच्यांचा चहा द्यावा लागला. अपमान धुऊन निघाला. पुढच्या तपासणीला त्यांचा आकडा दोनशे चाळीस आला, आणि आता ते ग्लास घेताना "यू, जरा बघून" म्हणतात, पण अगदी हळू.

दार्सोचा अंगठा राहिला, नख गेलं. यात चहाचा वाटा किती, गोळ्यांचा किती आणि बू नुरिंगच्या रोजच्या पट्टीचा किती, हे कुणी सांगू शकत नाही. दार्सो सगळं श्रेय स्वतःच्या सौद्याला देतो. आकडा उतरला म्हणून बू नुरिंगने सभागृहात सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या आणि शाबासकी म्हणून त्याला खाऊचे दोन डबे दिले.

वर्षभरात यू पाइकेमने एकेकीची साखर फेडली. कुणाच्या मुलाची सुंता, कुणाचं लग्न, कुणाच्या आईच्या हजाराव्या दिवसाची प्रार्थना. एकवीसच्या एकवीस किलो गेली. मागच्या महिन्यात दार्सोच्या नातीचं लग्न झालं. यू पाइकेम ओढणीत पाच किलो तांदूळ आणि चहाची पुडकी बांधून गेली. दार्सोची बायको गोड हसून म्हणाली, "एवढं जड कशाला आणलंस, यू?" म्हणजे साखर कुठे आहे.

ती टपरीत आहे. वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावलेल्या डब्यात, दोन किलो. दार्सो दर पोनला बाकावर बसला की आधी डब्याकडे बघतो, मग तिच्याकडे.

"माझी दोन किलो?"

"आहेत."

"परत कधी करणार? बायको घरी नावं ठेवते तुला."

"आणणार ना. तुझ्या सातव्याला घेऊन येईन." यू पाइकेम किटली उचलत म्हणते. "आलेल्या सगळ्यांना चार-चार चमचे घालू."

दार्सो जरा विचार करतो. ग्लास हातोहात त्याच्यापर्यंत पोचतो. तो उजेडात धरून तळ बघतो, तळ स्वच्छ असतो.

"मग राहू दे," तो म्हणतो. "मला काही घाई नाही."