लिफ्टमामांची स्कूटर

खोकं आलं गुरुवारी सकाळी. खोकं कसलं, चांगला लाकडी पिंजराच होता. दोन माणसांनी तो टेम्पोतून उतरवला, लिफ्टमामांच्या दारासमोरच्या फरशीवर आदळला आणि सही घेतली. "जोडून कोण देणार?" असं मामा विचारेपर्यंत टेम्पो कोपऱ्यावर पोचलासुद्धा. जाहिरातीत लिहिलं होतं, घरच्या घरी अर्ध्या तासात जोडा. कोणाच्या घरी, ते काही लिहिलं नव्हतं.

लिफ्टमामांना सख्खा भाचा एकही नाही, पण अख्खी बिल्डिंग त्यांना मामा म्हणते. एकतीस वर्षं त्यांनी शहरातल्या लिफ्टी दुरुस्त केल्या. आता गंमत अशी, की लिफ्ट बंद पडल्याशिवाय लिफ्टवाल्याला कोणी बोलावत नाही. त्यामुळे जन्मभर मामा चढले ते जिनेच. गुडघे त्यातच गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी मुद्दाम घेतल्या होत्या, की बाबा आता एक पायरी चढायची नाही.

आणि या वयात त्यांना स्कूटर कशाला हवी होती? मामींसाठी. आठ महिन्यांपूर्वी मामींना झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत का होईना चालतो, पण बोलणं गेलं ते गेलंच. दिवसभर तोंड चालवणारी बाई ती! आता 'हं' आणि 'नको' एवढ्या दोन शब्दांवर संसार चालला होता. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आठवड्यातून तीन दिवस. सरळ जाणारी बस महिन्याभरापूर्वी बंद झाली. मग दोन बसा बदलायच्या, मध्ये रस्ता ओलांडायचा. दुसऱ्याच खेपेला मामी बसच्या पायरीवरून घसरल्या. तेव्हापासून जाणं थांबलं होतं. बाई फोनवर म्हणाल्या, "हे वर्ष हातचं घालवू नका. जे परत यायचं ते आत्ताच येतं."

लेक दुसऱ्या गावात. तिनं तिच्या घराजवळ एक आश्रम बघून ठेवला होता. नर्स आहेत, बोलायला शिकवणारेही तिथंच आहेत, खोलीला खिडकी आहे. "बाबा, तुमच्याच्यानं होत नाही आता. मी रविवारी येते आणि आईला घेऊन जाते."

"मला काय धाड भरलीये?" मामा म्हणाले. "स्कूटर मागवलीये मी. मागे टेकायला पाठही आहे तिला. मी नेतो, मी आणतो."

"रविवारपर्यंत चालवून दाखवा, मग बोलू," लेक म्हणाली. लेक बापावरच गेली होती.

तर गुरुवारी मामांनी कंबर कसली. म्हणजे कमरेला पट्टा बांधला, कारण कंबरही काही धड नव्हती. मामींची खुर्ची दाराशी ठेवली, डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या, आणि पिंजरा फोडला. आत सांगाडा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पुढचं चाक वेगळं, हँडल उलटं, आरसे, बॅटरी, नट-बोल्टांची पिशवी आणि एक पुस्तिका. पुस्तिका मराठीत होती म्हणे. माणूस शुद्धीत असताना असं मराठी लिहीत नाही, तेव्हा ते यंत्रानंच केलेलं असणार. 'पुढचे चाक त्याच्या काट्यात प्रेमाने बसवा. नंतर बारा नंबरच्या पान्याने काजू घट्ट आवळा.' मामा दहा मिनिटं पिशवीत काजू शोधत बसले. मग डोक्यात प्रकाश पडला, की काजू म्हणजे नट.

"ऐकलंस का गं, काजू आवळायचे म्हणे!" ते हसत मामींकडे वळले. मामी नुसत्या बघत होत्या. मामांचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं आणि ते पुन्हा चाकाकडे वळले.

अर्धा तास म्हणता म्हणता दुपार उलटली. चाक बसलं, हँडल सरळ झालं, एक आरसा बसला, दुसरा रुसला. दोन काजू आणि एक वायसर उरलं, ते मामांनी कोणी बघत नाही असं पाहून खिशात टाकलं. बॅटरी बसवायला ते हँडलला धरून वाकले, आणि मागून आवाज आला.

"बंद."

मामा ताडकन उठायला गेले, आणि पाठीत अशी कळ आली की तिथंच अडकले. नवा शब्द! तीन आठवडे बाईंकडे गेलेले नाहीत आणि नवा शब्द! बाईंनी एक वही करायला सांगितली होती, नवीन शब्द आला की तारीख घालून लिहायचा. मामांनी काळ्या हातांनी वही काढली आणि लिहिलं, 'बंद'. मामींच्या केसांवरून हात फिरवला, त्यांनाही जरा काळं केलं, आणि पुन्हा कामाला लागले.

सुरू करायच्या पानावर लिहिलं होतं, 'थांबा दाबून बटण दाबा.' मामांना वाटलं, मध्ये स्वल्पविराम राहिलाय. म्हणून ते थांबले. मनात वीस आकडे मोजले आणि मग बटण चांगलं दाबून दाबलं. ढिम्म. पन्नास मोजले. ढिम्म. संध्याकाळपर्यंत मामा थांबत होते आणि स्कूटरही थांबून होती.

शुक्रवारी वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर खाली आला. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेला माणूस, सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. त्यानं ते पान वाचलं आणि कपाळाला हात लावला. "ओ लिफ्टवाले, थांबा म्हणजे ब्रेक! ब्रेक दाबून बटण दाबा!"

ब्रेक दाबला, बटण दाबलं आणि स्कूटर खोकली. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र. मामांचा जीव भांड्यात पडला. पण खोकण्यापलीकडे गाडी काही जाईना. पेट्रोल बघितलं, येतंय. नळी काढून फुंकली, मोकळी आहे. किक मारली, ड्रायव्हरनं सहा आणि मामांनी दोन. दुसऱ्या किकला गुडघ्यात असा काही आवाज झाला की ड्रायव्हरला वाटलं गाडीच सुरू झाली.

"ते लाल बटण बघितलंत ना?" ड्रायव्हरनं विचारलं. उजव्या अंगठ्याजवळ इंजिनची वीज तोडायचं एक लाल बटण होतं.

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला शिकवतोस लाल बटण? यंत्राला हात लावण्याआधी लाल बटण, हे एकतीस वर्षं मी लोकांना घोकवलंय. चालू आहे ते."

"तसं नाही हो," ड्रायव्हर म्हणाला. मग प्लग काढून बघू असं ठरलं. मामा हँडलला धरून वाकले.

"बंद," दारातून मामी म्हणाल्या.

प्लगला ठिणगी नव्हती. नवा प्लग आणून लावला, त्यालाही नाही. "कॉइल गेली वाटतं," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याला औषधाची वेळ झाली म्हणून वर गेला. मामा पुन्हा वाकले, पुन्हा उठले, पुन्हा वाकले. आणि दर वेळी मामींचं आपलं चालूच, "बंद. बंद." आवाज चढत चालला होता. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला होता. "बंद! बंद!"

"बंद काय, बंद!" मामा खेकसले. "करतो बंद! फेकून देतो सगळं! कोणासाठी मरतोय मी इथं? तुला यायचंच नसेल तर सांग तसं!"

मामींचा आपटणारा हात थांबला. त्यांनी तोंड फिरवलं आणि पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिल्या. त्यानंतर दिवसभर एक 'हं' नाही की 'नको' नाही. मामांना स्वतःची लाज वाटली. जेवताना त्यांनी तीनदा 'चुकलं गं' म्हणून बघितलं. घास भरवला तो मामींनी खाल्ला, पण मान वर केली नाही. मामांना वाटलं, खरंच सांगत असेल का ती? पुरे करा, मला नाही कुठं जायचं, असं? वहीतला तो शब्द खोडावासा वाटला त्यांना. आठ महिन्यांनी एक शब्द आला आणि तोही हा!

शनिवारी सकाळी मामांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, गाणं ऐका. तासाभरानं एक मुलगी सापडली. गोड बोलत होती बिचारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, गाडी परत पाठवा. फक्त मूळ पॅकिंगमध्ये पाहिजे." मूळ पॅकिंगच्या फळ्या मामांनी परवाच फोडून भिंतीला रचल्या होत्या.

मामांनी हात टेकले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ते स्कूटरकडे बघत राहिले. तीन दिवसांत नाकी नऊ आले होते. उद्या लेक येणार. मामींच्या बॅगेत काय काय भरायचं, शाल कोणती, गोळ्यांचा डबा कोणता, असा विचार डोक्यात आला आणि त्यांना भडभडून आलं. चेहरा पुसून ते उठले. निदान बॅटरी तरी काढून ठेवावी म्हणून हँडलला धरून वाकले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बघतात तो मामी उभ्या! काठी नाही, कोणाचा हात नाही, नुसती दाराची चौकट धरून. "अगं, अगं, पडशील!" मामांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मामी उंबऱ्याबाहेर आल्या, पाय ओढत चार पावलं टाकली आणि स्कूटरच्या सीटवर रेलल्या. मामांच्या अंगावरून डावा हात पुढं घातला, हँडलवरच्या त्या लाल बटणावर बोट आपटलं आणि म्हणाल्या,

"बंद. ब-बंद होतं."

आणि बटण पलीकडं सरकवलं.

मामांनी आधी बटणाकडे बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडे. कोणत्याही यंत्राशी वाकायचं तर आधी लाल बटण दाबायचं, हे मामांच्या डोक्यात राहिलंच नव्हतं, ते कधीच अंगठ्यात उतरलं होतं. बंद करायचं मामांनी, आणि काम झाल्यावर चालू करायचं तिथल्या लिफ्टमननं, अशी एकतीस वर्षं वाटणी होती. घरातही तेच. मिक्सर उघडताना मामा मेन स्विच बंद करायचे आणि तसाच विसरायचे. चालू करायच्या मामी. ड्रायव्हरला 'चालू आहे' म्हणून न बघताच छातीठोक सांगितलं, पण वाकताना तो गाढव अंगठा आपलं काम करून मोकळा झाला होता. तीन दिवस. दर वेळी. आणि दर वेळी ही बाई खुर्चीतून ओरडून सांगत होती.

मामांनी ब्रेक दाबला, बटण दाबलं. घर्रर्र झालं आणि स्कूटर सुरू झाली. वरून ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या. मामी हसल्या, अर्ध्या तोंडानं, पण हसल्या. मामांनी त्यांना घट्ट धरलं आणि दोघं त्या फटफट आवाजात तसेच उभे राहिले.

आणि मग मामांच्या ध्यानात आलं. हिला बटण कळलं, म्हणजे हिला सगळंच कळत होतं. फोन स्पीकरवर ठेवून लेकीशी बोलणं व्हायचं, मामी हातभर अंतरावर. आश्रमाचं ठरलं तेही तिच्यासमोरच. "आईला काय वाटेल?" असं लेकीनं एकदा विचारलं होतं, तेव्हा भाजी चिरता चिरता हेच मामा म्हणाले होते, "तिला कुठं काय कळतंय गं आता." ते तिनं ऐकलं होतं. आठ महिने ती सगळं ऐकत बसली होती.

रविवारी लेक आली. येताना रिकामी सुटकेस घेऊन आली. मामांनी तिला स्कूटर सुरू करून दाखवली, बिल्डिंगला एक फेरीही मारली. लेक म्हणाली, "बाबा, छान आहे. पण रोजचं खाणं, अंघोळ, औषधं? किती दिवस रेटणार तुम्ही?"

"ते मला विचारू नकोस," मामा म्हणाले. "आणि तूही सांगू नकोस. आईला विचार."

लेकीनं बापाकडे बघितलं, मग आईकडे. "अहो बाबा, आईला..."

"सगळं कळतं तिला. विचार. आणि उत्तराला वेळ दे."

लेक आईच्या पायाशी बसली. विचारताना तिला रडूच आलं. "आई, तिकडं यायचंय तुला? माझ्याजवळ?"

नळ थेंब थेंब गळत होता, तेवढाच आवाज. मामींचे ओठ हलायला लागले. कपाळावर घाम आला. मामांना पुढं होऊन मदत करावी असं वाटलं, पण ते जागचे हलले नाहीत.

"नको," मामी म्हणाल्या. लेकीच्या गालावरून डावा हात फिरवला. मग मान वळवून त्यांनी मामांकडे बघितलं, पट्टा बांधलेल्या कमरेकडे, सुजलेल्या गुडघ्यांकडे, खूप वेळ. ओठ पुन्हा जुळवले.

"द... दमलात. तुम्ही."

आठ महिन्यांत हे त्यांना कोणी विचारलं की मामा म्हणायचे, छे, मला काय होतंय. आत्ताही तोंडावर तेच आलं होतं. पण समोर ती होती, आणि तिला सगळं कळत होतं.

"हो गं," मामा म्हणाले. "फार दमलोय."

मामी खुर्चीत जरा सरकल्या आणि बाजूच्या पलंगाच्या कडेवर त्यांनी हात थोपटला. मामा तिथं बसले. लेकीनं सुटकेस उचलून पलंगाखाली ढकलली आणि नळ घट्ट बंद करून चहा टाकायला गेली.