शालिनीताईंनी धरलेला भाता

शालिनीताईंची आणि माझी ओळख सक्करदऱ्याच्या तलावाजवळ, पंक्चरच्या दुकानात झाली. पंक्चर त्यांच्या सायकलचं होतं आणि दुकानदार ट्यूब काढेपर्यंत त्या स्टुलावर बसून गुणगुणत होत्या. मी हुडकेश्वरला पेटीच्या शिकवण्या घेते हे कळताच त्यांनी सरळ विचारलं, "सायकल येते का वं तुले?" मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. येते म्हणाले आणि फसले.

ताई खापरखेड्याच्या शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सायकलने नागपूरहून गडचिरोलीला जायचं आणि वाटेत रोज संध्याकाळी एका गावात गायचं, हा बेत त्यांचाच. पेटी त्या-त्या गावच्या भजनी मंडळाची असे. उमरेडची पेटी इतकी चढी लागली की मी तोंड वाकडं केलं. ताईंनी मात्र निमूटपणे आपला आवाज तिच्या सुरात बसवला. "गावानं प्रेमानं देली आहे, नावं नको ठेवू," एवढंच म्हणाल्या.

भिवापूरच्या पुढे मी खड्ड्यात आपटले. हाड वाचलं, पण डावं मनगट टम्म सुजलं आणि नागभीडच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. डाव्या हाताशिवाय भाता कोण हलवणार? घरून माझे यजमान मला न्यायला गाडी घेऊन निघाले. या वयात सायकलवर जायला त्यांनी महामिनतवारीने होकार दिला होता. आता परत गेले तर पुन्हा कधीच घराबाहेर पडणं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ताईंसमोर चक्क रडले.

त्या म्हणाल्या, "उजवा हात चालते ना तुहा? मंग भाता मी मारते."

आणि खरंच, त्या संध्याकाळी ताई पेटीच्या पलीकडे बसल्या, एका हाताने भाता मारत गाऊ लागल्या. तानेत रंगल्या की हात थांबायचा आणि पेटी गप्प व्हायची. लोक हसायचे, ताईही हसायच्या आणि पुन्हा भाता सुरू. ज्यांच्या साथीला बसायला चांगले चांगले वादक धडपडतात, त्या बाई त्या दिवशी माझी साथ करत होत्या. हे ऋण मी फेडू शकत नाही, फेडायची इच्छाही नाही.

यजमान मागे येऊन कधी बसले ते मला दिसलंच नाही. कार्यक्रम संपला तशी मी मुकाट्याने पिशवी भरू लागले. ते ताईंना म्हणाले, "तुमी सायकलनं निघा. हिले मी ब्रह्मपुरीले गाडीनं आणतो. पेटीवर हीच बसन."

ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचा गळा आणि गुडघे दोन्ही शाबूत राहोत, त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे. येत्या हिवाळ्यात त्यांनी मेळघाटचा बेत आखला आहे. मी येणार आहे. या वेळी घरी मी विचारलं नाही, सांगितलं.