मी फरशीला पांघरूण घातलं

कोणत्या तोंडाने सांगू, तेच कळत नाही. पण चहा ओतलाय, तुम्ही बसलाय, आणि गावाला तर सगळं कळलेलंच आहे. मग माझ्याच तोंडून ऐका. निदान तिखटमीठ तरी कमी लागेल.

मी माझ्या हाताने माझ्या नातवाला घराबाहेर काढलं. तीन महिन्यांच्या नातवाला! आणि तेही मायेपोटी. आता बोला!

झालं असं. माझ्या धाकट्याने, भूषणने, नवीन घर बांधलं. सगळं चांगलं केलं, पण खाली ना टाइल घातली, ना शहाबादी. नुसतं सिमेटचं काँक्रीट. त्यावर नंदुरबारहून सुकलाल मिस्तरी आणला आणि आठ दिवस घासायचं मशीन फिरवलं. घर्रर्र घर्रर्र! गल्लीला वाटलं आमच्याकडे पिठाची गिरणी निघाली. पण फरशी अशी झाली, की वाकून पाहिलं तर माझ्या सुरकुत्या मला मोजता याव्यात.

माझी सून हेतल, सुरतेत वाढलेली. माहेरी एसी. बाळंतपण तिकडेच झालं. चैत्रात बाळाला घेऊन आली ती एका बोलीवर. भूषणला म्हणाली, "घर थंड राहिलं तर राहीन. बाळाला उकडायला लागलं तर मी मम्मीकडे. मग पावसाळ्यातच परत येईन."

भूषण म्हणाला, "एसी काय, कूलरसुद्धा लागणार नाही. ही फरशीच आपला एसी."

म्हणजे नातू माझ्या मांडीवर राहणार की सुरतेला जाणार, हे त्या फरशीवर! मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, पोराला इथून हलू द्यायचं नाही.

भूषणने मला बाजूला घेऊन नीट समजावलंही होतं बरं का. ते नाकारत नाही.

"माय, ध्यान दे. रातले खिडक्या उघाड्या ठेवजो, दिनले लाई लेजो. फरशी उघाडी ऱ्हावू दे. ती रातले गारवा पेस नि दिनभर देस."

"हां भो, समजनं माले," मी म्हटलं.

काय समजलं होतं? डोंबल! फरशी पाणी पिते हे मला माहीत आहे. गारवा पिते? माझ्या मनात आलं, पोरगं फार शिकलं की असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फरशीवर अनवाणी पाय ठेवला. अगं बाई! चैत्राच्या उन्हाळ्यात गारवा गुडघ्यापर्यंत चढला! सगळा जन्म मी सारवलेल्या जमिनीवर काढला, पण तान्ह्या पोराला उघड्या जमिनीवर कधी टेकवलं नाही. पोटात गार शिरलं म्हणजे? आणि ओल्या बाळंतिणीचे तळपाय?

मी पेटी उघडली. पहिली गोधडी बाळाखाली. दुसरी सुनेच्या पलंगाजवळ. तिसरी न्हाणीपर्यंत, कारण ती तिथे चालत जाते. मग वाटेतल्या मोकळ्या जागा डोळ्यांत खुपायला लागल्या. जावेकडून चार गोधड्या आणल्या. सतरंजी आली. तरी एक कोपरा उरलाच, तिथे मिरचीची रिकामी पोती धुऊन अंथरली. दोन दिवस सगळं घर शिंकत होतं, पण बोट टेकवायला गार जागा म्हणून ठेवली नाही मी!

आणि खिडक्या? रातचं वारं तान्ह्याला बाधतं, हे कोणाला शिकवावं लागतं का? भूषण खिडक्या उघडून गच्चीवर झोपायला गेला की मी एकेक गुपचूप लावून घ्यायचे. पहाटे त्याच्या आधी उठून सगळ्या सताड उघडायचे, त्या संध्याकाळी तो यायच्या आत लावेपर्यंत तशाच. दिवसा बंद घर ठेवायला काय सुतक आहे?

सून एकदा हळूच म्हणाली, "आई, हे म्हणाले होते दिवसा बंद ठेवायच्या."

"अगं, त्याला घर बांधता येतं. घर राखायचं कसं ते मला येतं."

नवऱ्याकडेही चहाडी केली नाही बिचारीने. सासूच्या तोंडी कोण लागणार?

वैशाख लागला. दुपारची झळ अंगणातून पाहुण्यासारखी सरळ आत यायची, बसायची, आणि संध्याकाळी मी खिडक्या लावल्या की मुक्कामालाच राहायची. घर तापलं. भिंती तापल्या. पंखा फिरायचा तो गरम फुंकर घालायला.

भूषणचं डोकं चालेना. गोधड्या दिसायच्या त्याला, पण त्या बाळासाठी रात्रीपुरत्याच, असं मी सांगून ठेवलं होतं. कामावरून यायचा आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणायचा, "असं कसं? कागदावर तर बरोबर शे!"

कूलर आला. कूलरने गोधड्या ओल्या झाल्या आणि घराला कुबट वास सुटला. मग दुसरा कूलर. विजेचं मीटर जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरायला लागलं. ज्या घरात वीज वाचवायची म्हणून फरशी केली, त्या घरात आता दिवस-रात्र दोन कूलर ढणढणत होते. आणि बाळाच्या मानेवर, पाठीवर लालभडक घामोळं!

तरी मी काय केलं माहीत आहे? सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले! "मिस्तरीनी फसाडं! सिमेट खाई गया मेला!" गल्लीत चार घरी सांगून आले. पाणी भरायला गेले तरी तेच. सुकलाल मिस्तरीची आमच्या गावात दोन घरांची कामं ठरली होती. दोघांनीही त्याला नको म्हणून सांगितलं.

घामोळं पिकलं त्या सकाळी हेतलने बॅग भरली. भांडली नाही, रडली नाही. "आई, मी बोलले होते ना," एवढंच म्हणाली. भूषण तिला नंदुरबारला गाडीत बसवून आला. बाळ सुरतेला गेलं. आणि मी पाळण्याची दोरी हातात धरून बसले.

परत येताना भूषण रागाने मिस्तरीलाच गाडीवर घालून घेऊन आला. "पाही ले तुन्हं काम!"

मिस्तरी दारात उभा राहिला. आत पाहिलं. बाहेर पाहिलं. पुन्हा आत पाहिलं.

"भाऊ, मन्ही फरशी कोठे शे?"

त्याने वाकून एका गोधडीचा कोपरा उचलला, खाली तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"हाई फरशी नही, तवा शे." मग माझ्याकडे वळून, अगदी आदराने, "माय, रातले खिडक्या कोन लावस?"

"मी."

"आनि दिनले कोन उघाडस?"

"मीच."

"आनि फरशीले पांघरून?"

मिस्तरी भूषणला म्हणाला, "फरशीनं काय चुकनं भाऊ? तिले दिनभर ऊन पाजं, रातले वारं बंद करं, वरून गोधडी घाली दी. ती बिचारी गारवा कोठून आनी?"

भूषण माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं हो! ओरडलाच नाही. खाली बसला, एकेक गोधडी घडी करत राहिला, आणि सगळ्या घड्या झाल्यावर म्हणाला, "माय, आठ दिन आक्काकडे जाय. जरा आराम कर."

मी त्या चार घरी पुन्हा गेले. मिस्तरीचा दोष नव्हता, माझा होता, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग शहाद्याची एसटी धरली आणि लेकीकडे, भूषणच्या आक्काकडे आले.

पाचव्या दिवशी भूषणचा फोन आला. लेकीने तो स्पीकरवर टाकला, पण त्याला सांगितलं नाही.

"आक्का, घर असं गार व्हयनं, दोन्ही कूलर बंद करी टाकात. हेतल बाळले संगे लई सकाळनी गाडीथी येई ऱ्हायनी."

"अरे वा! मिस्तरीनी काय दुरुस्ती करी रे?"

"त्यानी काहीच नही करं. माय तुन्हाकडे शे ना, बस तेवढंच."

लेकीने पटकन फोन बंद केला, पण व्हायचं ते झालंच होतं.

आता तुम्हीच सांगा. नातू घरात राहावा, म्हणूनच केलं ना मी हे सगळं? आला, नातू घरी आला. मी घराबाहेर पडले, तेव्हा आला.