एअरिंग कपबोर्डमधले पाहुणे

सहा महिन्यांच्या व्हिसावर आई लंडनला, आमच्या पिनरच्या घरी आली आणि आठवड्याच्या आत तिनं आमच्या एअरिंग कपबोर्डचा ताबा घेतला. जिन्याच्या वर, गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट. आम्ही त्यात टॉवेल नि चादरी ठेवायचो. आईनं आत हात घालून बघितला आणि म्हणाली, "अगं, इथे इडलीचं पीठ काय सुंदर फुगेल!" फुगलंच. दहीही लागायला लागलं. मला टॉवेलला जागा उरली नाही ते वेगळं.

आमच्या शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. दर उन्हाळ्यात पार्कात फुलपाखरांचा फेस्टिव्हल भरवायच्या. पोस्टरवर दिमाखात मोनार्क हे अमेरिकेतलं फुलपाखरू छापलेलं असायचं. खरं तर ते इंग्लंडात चुकूनमाकून येतं, पण पोरांना त्याचे पंख पाठीवर लावून धावायला आवडतं, म्हणून असू दे म्हणायच्या. सोडायची फुलपाखरं मात्र इथलीच, नारिंगी नि काळी. त्यांच्या अळ्या अंगाला आग लावणाऱ्या नेटल नावाच्या झुडपाच्या पाल्यावर वाढतात. बाई त्या स्वतः वाढवायच्या. त्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले होते. जिना चढवेना, म्हणून लेक त्यांना ब्रिस्टलला घेऊन जाणार होती, कायमची. "जायचं मनात नाहीये," त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या आणि बारा कोषांचा जाळीचा पिंजरा माझ्या हातात दिला. "शनिवारी दुपारी दोन वाजता. हा माझा शेवटचा फेस्टिव्हल."

झालं! माझी झोपच उडाली. त्यात तो आठवडा असा गारठ्याचा, की जुलैत मी स्वेटर घालून क्रॉयडनला ऑफिसला जात होते. कोष ढिम्म. बाई रोज सकाळी विचारायच्या, "काही हालचाल?" आणि मी तोंड पाडून मान हलवायची. शुक्रवारी रात्री घरी आले तर पिंजरा जागेवर नाही.

"झोपलेत ते," आई म्हणाली. "उठवू नकोस."

दमले होते, ऐकलं. शनिवारी सकाळी टॉवेल काढायला कपाट उघडलं आणि भुर्रर्र! तोंडावर, केसांत, जिन्यावर, दिव्यावर फुलपाखरंच फुलपाखरं. मी अशी किंचाळले, की नवरा दाढीच्या फेसासकट बाहेर आला. पिंजऱ्याची चेन उघडी होती, कारण "जीव गुदमरला असता त्यांचा." पांढऱ्या चादरीवर लाल थेंब. कोषातून निघाल्यावर ती असे थेंब टाकतात हे मला नंतर कळलं. आईनं ते बघून हात जोडले. "बघ, कुंकवाचे सडे घालत आलीत."

"आई! दोन वाजता पार्कात सोडायचीत ती! काय केलंस हे?"

"मी काय केलं? पीठ फुगतं तिथे, ह्यांनी काय घोडं मारलंय?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात बाई, काठी टेकत. माझं किंचाळणं त्यांच्या किचनपर्यंत गेलं होतं. सहा वर्षांत त्या पहिल्यांदाच आमच्या घरात येत होत्या. मी सॉरी सॉरी करत राहिले. त्यांनी वर बघितलं आणि मटकन जिन्याच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग हुकूम सुटले. सगळे पडदे ओढा, फक्त हॉलच्या बंद खिडकीचा उघडा ठेवा, उजेडाकडे येतील. तशी आलीही. आईनं वाटीत गूळपाणी कालवलं, बाईंच्या थरथरत्या बोटाला लावलं आणि मराठीतूनच बजावलं, "दारात पाहुणा आला की आधी गूळपाणी." मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. एक फुलपाखरू येऊन बसलं त्या बोटावर. त्या दोघी एकमेकींकडे बघून शाळकरी मुलींसारख्या खिदळत होत्या.

दोन वाजता ढग सरले आणि पिंजऱ्यात परत गोळा केलेली अकरा आम्ही पार्कात सोडली. पोरांनी आरडाओरडा करून पार्क डोक्यावर घेतला. बाई टाळ्या वाजवत होत्या आणि मी आनंदानं येड्यासारखी नाचत होते, स्वेटरसकट.

बारावा कोष मिटलेलाच राहिला. सोमवारी बाई ब्रिस्टलला निघाल्या, तेव्हा आईनं तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवला, झाकणाला भोकं पाडली, वर गुळाचा खडा फॉइलमध्ये बांधून दिला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी होती.

गुरुवारी फोन आला. मी उचलला, पण बाईंना आईच हवी होती. मी स्पीकर लावला.

"आज सकाळी आलं बाहेर," बाई म्हणाल्या. "आधी गूळपाणी दिलं."

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, "कळलं मला." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "विचार त्यांना, तिथे गेल्यावर त्यांना कुणी दिलं का?"

मी विचारलं.

"वाटीत थोडं उरलं होतं," बाई म्हणाल्या. "ते मी प्यायले."